जनगणनेतील आकडा आणि वहीतील नाव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पुणे येथे झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्थापकांचे पुण्यस्मरण केले जाते. स्मरणास मात्र आधार लागतो. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याचे स्मरण कसे करावे? पितरांना पाणी देताना बाप, आजा आणि पणजा अशी तीन नावे उच्चारण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत आहे. तिसऱ्या नावानंतर बहुतेकांची जीभ अडखळते. पणजीचे माहेर कोणते, तिचे माहेरचे नाव काय, असा प्रश्न विचारला की घरातील वृद्धांकडेही उत्तर नसते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच भूमीवर वावरलेली, संसार केलेली, लेकरे वाढवलेली ती व्यक्ती इतक्या लवकर निनावी कशी होते? तिचा शोध घ्यावयाचा झाल्यास कोणते कागद हाती येतात? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

जनगणना काय देते, काय देत नाही

पूर्वजांच्या शोधाचा विचार मनात आला की प्रथम जनगणनेची आठवण होते. सरकारने दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन माणसे मोजली. तेव्हा पणजोबांचे नाव कोठेतरी लिहिलेले असणारच, असा समज स्वाभाविक आहे. इंग्लंडात तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. तेथे १८४१ पासून व्यक्तींची नावे असलेली गणनापत्रके जपलेली आहेत. शंभर वर्षे लोटली की ती अभ्यासकांस खुली होतात. १९२१ ची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असल्याने १९५० ची गणना एप्रिल २०२२ पासून कोणालाही पाहता येते. आपल्या आजोबांचे घर, त्यांचा व्यवसाय, त्यांच्या शेजाऱ्यांची नावे हे सारे तेथील नातवाला एका पानावर सापडते.

भारतातील स्थिती वेगळी आहे. जनगणनेला जुन्या मराठीत खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. इंग्रजी अमदानीत १८७२ च्या सुमारास पहिली देशव्यापी गणना झाली. परंतु ती सर्वत्र एकाच वेळी झालेली नव्हती. एकाच दिवशी झालेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. गणकांनी त्या वेळी नावे लिहून घेतली, हे खरे. मात्र घरातील स्त्रियांची नावे सांगण्यास कुटुंबप्रमुखाने हरकत घेतल्यास नावाच्या जागी केवळ ‘स्त्री’ असा शब्द लिहिण्याची मुभा त्यांना होती. आकड्यांची बेरीज झाली, तक्ते छापले गेले आणि मूळ पत्रके निकालात निघाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीयता अधिक दृढ केली. त्या कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार गणनेची पत्रके कोणाला पाहता येत नाहीत आणि सामान्यतः न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोकांनी निर्भयपणे खरी माहिती सांगावी, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु पूर्वज शोधणाऱ्याला ते दार बंद आहे.

याचा अर्थ जनगणना निरुपयोगी आहे असा नव्हे. ती व्यक्तीचे नाव सांगत नसली तरी त्या व्यक्तीचे गाव दाखवते. गावात घरे किती, स्त्री-पुरुष किती, लिहिता-वाचता येणारे किती, कोणत्या व्यवसायात किती माणसे, हे छापील तक्त्यांतून कळते. १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर त्याच्या जोडीला घेतले की पीक, बाजार, रस्ते, दुष्काळ यांचे चित्र उभे राहते. पणजोबांनी १८७६-७८ च्या दुष्काळात गाव का सोडले असेल, याचा अंदाज तेथे येतो. पणजोबांचे नाव मात्र अन्यत्र शोधावे लागते.

दोन देशांच्या गणनांतून निसटलेले आयुष्य

ही गोष्ट एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव पुण्याला नवे नाही. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे. जन्मस्थान मात्र कोणी पुणे सांगतात, कोणी कल्याण. जन्मनोंदीचे दाखले सहज मिळण्याचा तो काळ नव्हता. त्यामुळे एवढ्या विख्यात व्यक्तीच्या बाबतीतही पहिल्याच रकान्यात मतभेद उरतो. माहेरचे नाव यमुना, सासरचे आनंदी. शोधणाऱ्याला हे नावांतर ठाऊक नसेल तर नऊ वर्षांची यमुना १८७४ मध्ये, विवाहाच्या वर्षी, कागदातून नाहीशी होते आणि तिच्या जागी आनंदी नावाची कोणी वेगळीच मुलगी उभी राहते.

आता त्यांचे आयुष्य जनगणनेच्या वर्षांशी ताडून पाहावे. १८७२ च्या गणनेच्या वेळी त्या सात वर्षांच्या आतबाहेर होत्या. १८८१ च्या गणनेच्या वेळी सोळावे वर्ष चालू होते. दोन्ही वेळच्या पत्रकांचा आज उपयोग नाही. मधल्या काळात त्यांना एक मूल झाले आणि ते अवघे दहा दिवस जगले. त्या बालकाचा जन्मही दोन गणनांच्या मध्ये आणि मृत्यूही. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या, १८८६ च्या अखेरीस परतल्या. अमेरिकेची गणना १८८० मध्ये झाली होती, नंतरची १८९० मध्ये झाली. त्यांचा सारा मुक्काम या दोहोंच्या मधला. १८९० च्या गणनेत त्या असत्या तरी लाभ नव्हता, कारण त्या गणनेची बहुतेक पत्रके १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत नष्ट झाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. भारताची पुढील गणना २६ फेब्रुवारी १८९१ रोजी, त्यांच्या चौथ्या स्मृतिदिनी झाली. ज्या बाईचे नाव दोन खंडांत गाजले, तिचे नाव दोन देशांच्या जनगणनांतून असे निसटले.

तरीही त्यांचे आयुष्य आज तारीखवार सांगता येते. कशाच्या आधारे? गोपाळराव जोशी यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्नीच्या शिक्षणासंबंधी पत्र लिहिले. ते अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. दंतवैद्याकडे गेलेल्या कार्पेंटर नावाच्या गृहिणीने ते वाचले आणि तिने आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाईंची पत्रे तिने टाकून दिली नाहीत. त्या पत्रांच्या आधारे कॅरोलिन हिली डॉल यांनी १८८८ मध्ये, म्हणजे निधनाच्या पुढच्याच वर्षी, बोस्टन येथे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी चरित्र लिहिले. अलीकडच्या काळात अंजली कीर्तने यांनी साक्षेपाने मूळ साधनांचा शोध घेतला.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थिनींचे कागद जपले. ते महाविद्यालय आज स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही; त्याचा दफ्तरसंग्रह ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये लिहिलेले पत्र त्यात आहे. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासमवेत ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले त्यांचे छायाचित्रही सुपरिचित आहे. त्या चित्राचे मोल विशेष आहे, कारण त्यावर तिघींची नावे लिहिलेली आहेत. नावे नसती तर तीन अनोळखी परदेशी स्त्रिया एवढेच त्याचे वर्णन उरले असते. ११ मार्च १८८६ चा पदवीदान समारंभ, प्रबंधाचा विषय, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित नेमणूक, या गोष्टी अशाच कागदांतून कळतात. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या रक्षेवर उभारलेला दगड आजही त्यांचे नाव सांगतो.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक वाटतात. अमेरिकन कागदांत त्यांच्या नावाचे आणि आडनावाचे इंग्रजी लेखन आजच्या प्रचलित लेखनाहून वेगळे आहे. म्हणून पूर्वजांचे नाव शोधताना शक्य तितकी सर्व रूपे शोधावी लागतात. शाह, शहा, शा ही एकाच घराण्याची तीन रूपे तीन कागदांवर आढळली तर नवल नाही. दुसरी सूचना अशी की मराठी वाचकाला आनंदीबाई प्रामुख्याने श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीतून भेटल्या. कादंबरीचा गौरव कादंबरी म्हणून करावा. तिच्यातील संवाद पुरावा म्हणून घेऊ नये. घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकांनाही हाच नियम लागू आहे.

आनंदीबाईंच्या उदाहरणातून निघणारे तात्पर्य असे की सरकारने मोजले, परंतु नाव राखले ते इतरांनी. एका गृहिणीने पत्रे ठेवली, एका संस्थेने दफ्तर ठेवले, कोणी छायाचित्रावर नावे लिहिली. सामान्य घराण्याच्या बाबतीतही हेच घडत असते.

कागदांची वाट

शोध नेहमी जिवंत माणसापासून आरंभून मागे न्यावा. प्रथम घरातील वृद्धांना विचारावे आणि सांगितलेले त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे. नंतर शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. त्यात जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचे नाव आणि आधीची शाळा असते. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा असला तरी नगरपालिकांची आणि गावांची नोंदपुस्तके त्याहून जुनी आहेत. खेड्यात कोतवाल बुक या नावाने ती ओळखली जातात. शेतजमीन असेल तर सातबारा उताऱ्यावरून फेरफारापर्यंत जावे. खातेदार मृत झाल्यावर वारसांची जी नोंद होते, ती म्हणजे एका पिढीची वंशावळच होय. शहरातील वाड्यासाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका तेच काम करते.

यापलीकडे गेले की पुणेकरांच्या वाट्याला एक भाग्य येते. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात सुमारे ३५,००० रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या आगेमागे त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले; परंतु ती त्या सागरातील ओंजळ होय. इंग्रजांनी १८५२ मध्ये इनामांच्या चौकशीचा कायदा केला, तेव्हा इनामदार घराण्यांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी सनदा, कैफियती आणि वंशावळी सादर कराव्या लागल्या. जी चौकशी त्या घराण्यांना संकट वाटली, तीच आज त्यांच्या इतिहासाचे साधन झाली आहे. १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने घराघरांतील असेच कागद गोळा केले. तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या हे आणखी एक साधन. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार येथे गेलेला यात्रेकरू आपले, वडिलांचे, आजोबांचे नाव आणि मूळ गाव त्यांत लिहवून घेत असे.

जैन परंपरेत या कामासाठी वेगळी साधने आहेत. धातुप्रतिमेच्या पाठीमागे संवत, तिथी, ज्ञाती, गोत्र, मातापित्यांचे नाव, प्रतिष्ठा करवणारे आचार्य आणि त्यांचा गच्छ अशी माहिती कोरण्याचा प्रघात शतकानुशतके आहे. पूरणचंद नाहर यांच्यासारख्या विद्वानांनी असे लेख संग्रहित करून छापले. हस्तलिखिताच्या शेवटी येणाऱ्या प्रशस्तीत ते लिहवून घेणाऱ्या कुटुंबाचा उल्लेख असतो. गुजरात-राजस्थानात वहीवंचे घराण्यांच्या वह्या वाचून दाखवत आणि त्यांत नवी नावे भरत. १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या बनारसीदासांनी स्वतःची कथा आपल्या पूर्वजांपासून आरंभली, ती याच संस्कारातून. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या प्राचीन मराठी ओळी तरी काय सांगतात? मूर्ती चावुंडरायाने करविली, सभोवतालचे बांधकाम गंगराजाने करविले. कोणी काय केले, एवढेच. परंतु तेवढ्यानेच ती नावे आजवर टिकली.

या कागदांच्या वाटेत दोन अडसर येतात. पहिला कालगणनेचा. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत, विक्रम संवतातून ५७ वजा करावेत, वीरनिर्वाण संवतातून ५२७. पेशवेकालीन कागदावर सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, फसली असेल तर ५९० मिळवावेत. वर्षारंभ निरनिराळे असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो, हे ध्यानी ठेवावे. दुसरा अडसर लिपीचा. मराठी कागद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत लिहिले जात. व्यापाऱ्यांच्या जुन्या चोपड्या महाजनी लिपीत असत आणि त्या लिपीत काना-मात्रा गाळण्याची चाल होती. ‘अजमेर गए’ हे शब्द कोणी ‘आज मर गए’ असे वाचले आणि घरात रडारड झाली, ही गंमत व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आज गंमत उरली आहे. लिपी वाचणारे मात्र विरळ झाले आहेत.

वंशवृक्षातील रिकाम्या जागा

या सर्व साधनांत एक उणीव सारखी जाणवते. जुन्या वंशावळीत बापापासून मुलाकडे रेषा जाते. मुलगी तेथे नसतेच आणि सून असली तर सासरच्या नावाने असते. इनाम, कर्ज, जमीन, फिर्याद यांच्या निमित्ताने पुरुषाचे नाव कागदावर आले. स्त्रीच्या हाती यांपैकी काही नव्हते, म्हणून तिचे नावही आले नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, जो जैन कुटुंबांनाही लागू आहे, मुलीला वारस मानले आणि त्यानंतरच्या फेरफारात तिचे नाव दिसू लागले. पुष्कळदा त्याच फेरफाराच्या पाठोपाठ तिचे हक्कसोडपत्रही सापडते. जिचे नाव लिहिले गेले ते हक्क सोडण्यापुरते, अशा कितीतरी लेकी तलाठ्याच्या दफ्तरात आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. वंशवृक्षातही तिला तेवढी जागा देणे, हे कायद्याचे नव्हे तर कुटुंबाचे काम आहे.

स्त्रियांचा शोध घ्यावयाचा तर वेगळ्या ठिकाणी पाहावे लागते. लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या, भांड्यांवर घातलेली नावे, माहेरी लिहिलेली पत्रे, व्रताच्या उद्यापनाच्या नोंदी, मंदिराच्या भिंतीवरील देणगीदारांच्या पाट्या ही साधने तिच्याविषयी बोलतात. ‘मातुश्रींच्या स्मरणार्थ’ म्हणून बसवलेल्या संगमरवरी पाटीवर त्या माउलीचे नाव कोरलेले असते. कित्येक घरांत तिच्या नावाचा तेवढाच एक टिकाऊ पुरावा असतो. जीर्णोद्धाराच्या वेळी ती पाटी काढताना निदान तिचे छायाचित्र घ्यावे.

हा केवळ छंद नव्हे

हे सर्व निवृत्तीनंतरचे मनोरंजन आहे, असे कोणास वाटेल. परंतु जुन्या कागदातील एका नावावर माणसाचे भवितव्य टांगलेले असते, हे याच शतकात दिसून आले आहे. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. १९५१ च्या नोंदवहीत किंवा २४ मार्च १९७१ पर्यंतच्या मतदारयादीसारख्या कागदांत आपला पूर्वज दाखवणे आणि त्याच्याशी नाते सिद्ध करणे, ही तेथील कसोटी होती. विवाहानंतर गाव आणि नाव बदललेल्या स्त्रियांना ती विशेष जड गेली. महाराष्ट्रात २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची निकड भासली. त्या वादाच्या कोणत्याही बाजूस असलेल्या मनुष्याने एवढे मान्य करावे की जो कागद वाचता येत नाही, तो असूनही नसल्यासारखा असतो.

आणि कागद नष्ट व्हायला वेळ लागत नाही, हे पुण्याला सांगण्याची आवश्यकता नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. माणसे गेली, वाडे गेले, त्यांच्याबरोबर फडताळांतील आणि पेट्यांतील कागदही गेले. पुरातून जे वाचले त्याची वाट वाळवी, दमट भिंती आणि वाडा पाडताना बोलावलेला रद्दीवाला पाहात असतो. वाड्याच्या जागी इमारत उभी राहते. माळ्यावरच्या ट्रंकेला नव्या सदनिकेत स्थान नसते.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली आणि जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली. त्या गणनेत जातीचीही नोंद घेण्याचे आणि माहिती संगणकीय साधनांनी भरण्याचे ठरले आहे. ती होईल तेव्हा प्रत्येक घराने एक साधी गोष्ट करावी. गणकाला जी माहिती दिली जाईल, तीच एका कागदावर उतरवून घरी ठेवावी: प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव आणि गाव अवश्य लिहावे. सरकारी पत्रक पणतवंडांना पाहायला मिळणार नाही. घरचा कागद मिळेल.

संस्थांचे उत्तरदायित्व याहून मोठे आहे. न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वह्यांत सभांचे वृत्तान्त आहेत, देणगीच्या पावत्या आहेत, विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याच्या याद्या आहेत. आज त्या जुन्या हिशेबाच्या वह्या वाटतात. आणखी पन्नास वर्षांनी एखादी नात आपल्या आजोबांच्या शिष्यवृत्तीचा शोध घेत येईल, तेव्हा त्या वहीतील एका ओळीतून त्यांचे खेडे, त्यांची शाळा आणि त्यांच्या गरिबीचे वर्ष तिला कळेल. म्हणून जुन्या वह्या रद्दीत न घालता कोरड्या जागी ठेवणे, त्यांची छायाचित्रे घेऊन सूची करणे, मोडी आणि महाजनी वाचणारे चार तरुण तयार करणे आणि समारंभाच्या प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे लिहिणे, ही कामे सुवर्णमहोत्सवी वर्षात हाती घ्यावीत. छायाचित्रातील स्त्रियांची नावे लिहिताना ‘सौ.’ नंतर केवळ पतीचे नाव लिहून थांबू नये.